पेटीफरसाहेबांचा सत्कार

डॉक्टर शशिधर खांबेटे याचा आठवडा झोपलेल्या माणसांच्या सहवासात जात असे. यात त्याचा काही दोष नव्हता. तो इंग्लंडातल्या मार्स्टनब्रिजच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. पेशंट आला की त्याचं नाव विचारायचं, हवेबद्दल दोन वाक्यं बोलायची, दहापासून उलटे आकडे मोजायला सांगायचं, आणि पेशंट सातपर्यंत पोचतो न पोचतो तोच संभाषण संपायचं. शुद्धीवर आल्यावर लोक आभार मानत ते सर्जनचे. सर्जन मंडळी आपसांत गोल्फविषयी बोलत आणि खांबेटे हे आडनाव जिभेला झेपत नाही म्हणून त्याला 'डॉक्टर के' म्हणत. अठरा वर्षं हे असं चाललं होतं.

म्हणून त्याला रविवार हवा असे. रविवारी अकरा वाजता तो टॅनर्स रोवरच्या रुबेन नवगावकरांच्या दुकानात जाऊन बसे. टॅनर्स रो म्हणजे टाउन सेंटरच्या मागची पाच जुन्या दुकानांची विटकरी ओळ. त्यातलं मधलं दुकान रुबेनभाऊंचं, कपडे अल्टर करण्याचं. पँट आखूड करणे, झिप बदलणे, वजन वाढलेल्या माणसाच्या कोटाला त्याची अब्रू राखून सैल करणे. रुबेनभाऊ मूळ अलिबागकडचे, वाढले भायखळ्यात, धर्माने ज्यू. शनिवारी ते दुकान उघडत नसत, म्हणून कायद्याने त्यांना रविवारी दुपारी दोनपर्यंत उघडं ठेवायची मुभा होती. सगळं मार्स्टनब्रिज कुलूपबंद असताना तेवढं एक दार उघडं असे, आणि त्या दाराआड मराठीत भांडायची सोय होती. मराठी बोलायला लेस्टरचं मंडळ होतंच, पण तिथे लोक मुलांच्या ओ-लेव्हलच्या परीक्षा आणि खिडक्यांचं डबल ग्लेझिंग यांपलीकडे जात नसत. रुबेनभाऊंकडे दोन दोन तास वाद चाले तो सोलकढीत लसूण घालावा की नाही यावर.

घरी शशिधर फारसा बोलत नसे. आठवडाभराचं बोलणं तो रविवारसाठी राखून ठेवी. त्याची बायको सुलक्षणा लायब्ररीत कामाला होती, म्हणजे तिचाही आठवडा गप्प माणसांतच जाई. पण ही गोष्ट शशिधरच्या कधी लक्षात आली नव्हती.

तर १९८६च्या सप्टेंबरात टॅनर्स रोच्या कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, एक नोटीस लटकली. टाउन सेंटरचा कायापालट होणार होता. काचेच्या छताचं शॉपिंग सेंटर, आत कारंजं, वर तीन मजली कार पार्क. सोबतच्या चित्रात कारंज्याभोवती सडपातळ माणसं हिंडत होती. मार्स्टनब्रिजमध्ये एवढी सडपातळ माणसं नव्हती, ती बहुधा बाहेरून आणणार होते. शशिधरने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की जिथे रुबेनभाऊंचं शिलाई मशीन होतं, नेमकं तिथेच कारंजं येणार होतं.

"रुबेनभाऊ, तुमच्यावर कारंजं येतंय!" तो दारातूनच ओरडला.

"येऊ दे," रुबेनभाऊ तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाले. "आधी दार लाव, गारवा येतोय."

शेजारच्या लोकरीच्या दुकानातल्या मिसेस ब्रॉकवे म्हणाल्या की, १९६४ सालीही असंच चित्र लावलं होतं, आणि त्यात तर मोनोरेल होती. मिल्टन कीन्सहून मित्र उदयचा फोन आला. "अरे, पाडू दे की! आमच्याकडे बघ, एव्हरीथिंग प्लॅन्ड. राउंडअबाउटवर राउंडअबाउट. कुठे चालावंच लागत नाही."

"आणि तुम्ही बोलता कुणाशी?" शशिधरने विचारलं.

उदयने जरा विचार केला. "तुझ्याशी. फोनवर."

कुंपणापलीकडचे मिस्टर गिल्बर्ट मात्र म्हणाले, "कौन्सिलला लिहा, डॉक्टर. उत्तर द्यावंच लागतं त्यांना." हे शशिधरला पटलं. अर्ज लिहिणं हे त्याच्या रक्तातच होतं. त्याने नऊ पानी हरकतपत्र लिहिलं. ते 'अत्यंत नम्रतापूर्वक निवेदन करण्यात येते की' या वाक्याच्या इंग्रजी अवताराने सुरू होई आणि चौथ्या पानावर माणसाच्या जीवनातलं संभाषणाचं स्थान या विषयात शिरून तिथेच राही. टाइप करायला ते सुलक्षणाकडे आलं.

"अहो, यात सहा पानं नुसती गप्पांवर आहेत."

"तोच तर मुद्दा आहे."

"मग तिथे कपडेही शिवतात, हे एकदा तरी लिहा."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पत्राची नोंद घेण्यात आली होती. तथापि नियोजनाच्या नियमांनुसार संभाषण हा विचारात घेण्याजोगा मुद्दा नव्हता. शिवाय अर्जदार तिथून दीड मैलावर राहत असल्याने बाधित व्यक्ती ठरत नव्हते. हे शेवटचं वाक्य शशिधरच्या फार जिव्हारी लागलं. "मी बाधित नाही? मी?" दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये त्याने ते पत्र एका हर्नियाच्या पेशंटला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. पेशंट अर्थातच काही बोलला नाही.

आता एकच मार्ग उरला होता, आणि कुठल्याही मराठी माणसाला तो झोपेतही सापडला असता. त्याने समिती स्थापन केली. टॅनर्स रो बचाव समिती. अध्यक्ष स्वतः, चिटणीस मिसेस ब्रॉकवे. रुबेनभाऊंनी कुठलंही पद घ्यायला साफ नकार दिला, तेव्हा त्यांना सल्लागार केलं. त्यांचा पहिला सल्ला असा होता की, समिती विसर्जित करावी. तो इतिवृत्तात नोंदवून ठेवण्यात आला.

आणि आश्चर्य म्हणजे समितीला यश येऊ लागलं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुकानात मिस्टर पेटीफर आले. कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यातले, पन्नाशीचे, उंच, रेनकोटातले, आणि दाराशी पाय पुसताना पायपुसण्याचीही माफी मागतील असे. त्यांनी भिंतींना हात लावून पाहिला, कमानी मोजल्या, रुबेनभाऊंचा चहा घेतला, सोलकढीचा वाद अर्धा तास एक अक्षर न कळता ऐकला, आणि जाताना म्हणाले, "अशी ओळ पुन्हा बांधता येत नाही, डॉक्टर. मी माझ्या रिपोर्टात तसंच लिहितोय. कारंजं थोडं डावीकडे सरकू शकतं. जानेवारीत कौन्सिलर मंडळी निर्णय घेतील, आणि माझा रिपोर्ट ते सहसा मानतात."

शशिधर त्या दिवशी घरी गेला तो जिन्यात शीळ घालत. त्याने तातडीने लेस्टरला अतुलला फोन केला. अतुल हा तिथल्या मंडळाचा सलग सहा वर्षं अध्यक्ष. त्याच्या कपाटात जेवढे शर्ट नव्हते तेवढ्या सत्काराच्या शाली होत्या. आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला तो एक घालत असे, आणि एकदा तर बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्याने घातली होती.

"मग सत्कार कधी?" अतुलने विचारलं.

"कुणाचा?"

"अरे, त्या साहेबाचा! माणसाने आपल्यासाठी एवढं केलं, आणि तुम्ही त्याला नुसता चहा पाजून पाठवलात? शाल-श्रीफळ नको? मी येतो. कॅमेरा आणतो."

सुलक्षणा तेवढं म्हणाली, "अहो, निकालाच्या आधीच सत्कार?" पण शशिधर तोवर भाषणाचे मुद्दे काढत होता. त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. उपकार करणाऱ्याच्या खांद्यावर शाल घालायची, यात विचार करण्यासारखं काय असतं, तेच त्याला कळेना.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सोहळा पार पडला. पेटीफरसाहेबांना 'थोडा चहा' एवढंच सांगून बोलावलं होतं. ते आले, तर दुकानात अतुल, मिसेस ब्रॉकवे, ओळीतल्या चिप्सच्या दुकानातलं जोडपं आणि मध्ये एक रिकामी खुर्ची. त्यांना त्या खुर्चीत बसवलं. शशिधरने अकरा मिनिटं भाषण केलं. मग गडद तांबड्या रंगाची, काठाला बारीक वेलबुट्टी असलेली शाल त्यांच्या रेनकोटावर चढली, हातात शेंडीचा नारळ आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेटीफरसाहेबांना बोलायला सांगितलं. ते उठले, नारळाकडे बघत राहिले, "आय डोन्ट नो व्हॉट टु से," एवढंच म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. रुबेनभाऊंनी ते पाहिलं आणि उगाचच मशीनचा पट्टा तपासायला घेतला.

अतुल हौशी माणूस. त्याने फोटो काढला आणि गावातल्या साप्ताहिकाला माहितीपत्रकासह पाठवून दिला. गुरुवारी तो तिसऱ्या पानावर छापून आला. खाली ओळ होती: 'हरकतदारांकडून प्लॅनिंग अधिकाऱ्याला शाल आणि नारळ'.

शुक्रवारी पेटीफरसाहेबांचा घरी फोन आला. आवाज नेहमीपेक्षाही मऊ होता. कौन्सिलमध्ये गडबड उडाली होती. नियम साधा होता: ज्या प्रकरणाचा निर्णय व्हायचा आहे त्यातल्या पक्षाकडून भेटवस्तू घेता येत नाही. घेतली असल्यास दहा दिवसांत मूळ स्थितीत परत करावी, नाहीतर अधिकाऱ्याने ते प्रकरण सोडून द्यावं, आणि त्याचा रिपोर्टही रद्द.

"मग परत करा की!" शशिधर म्हणाला. "आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही." हे खोटं होतं. त्याला आत्ताच वाईट वाटायला लागलं होतं.

"तीच तर अडचण आहे," पेटीफर म्हणाले. "नारळ खाल्ला गेलाय. मदरला आत काय असतं ते बघायचं होतं. मी तो शेडमध्ये शिकंज्यात धरून फोडला."

शनिवारी शशिधर हुबेहूब तसाच नारळ शोधत लेस्टरला, भारतीय दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर. त्याच्या हातात साप्ताहिकाचं तिसरं पान. पहिल्या दुकानदाराने विचारलं, "पूजा का?" शशिधरने फोटो पुढे केला. "असाच पाहिजे. शेंडी थोडी डावीकडे." दुकानदाराने फोटो पाहिला, शशिधरला पाहिलं आणि मुलीला हाक मारली. मुलीने आईला हाक मारली. तिघांनी मिळून चाळीसेक नारळ काउंटरवर मांडले. एकाची शेंडी जुळे, तर घेर जुळेना. एका गिऱ्हाईकबाईने सल्ला दिला की, फोटोतला नारळ साहेबाच्या हाताआड गेलाय, तेव्हा खालची बाजू कशीही चालेल. अठरा वर्षांची नोकरी असलेला, एके काळी पुणे विद्यापीठात पदक मिळवलेला डॉक्टर खांबेटे त्या दुकानात गुडघ्यांवर बसून नारळांच्या शेंड्या विंचरत होता. म्हटलं तर हीसुद्धा एक शस्त्रक्रियाच होती, पण आभार मानायला इथेही कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अकरा वाजता शशिधर नवा नारळ घेऊन दुकानात हजर. थोड्या वेळाने पेटीफरसाहेब आले. हातात कागदी पिशवी. पिशवीतून त्यांनी टिश्यू पेपरात घडी घातलेली शाल काढली. तिला इस्त्री केली होती.

"मदर ती पांघरून टेलिव्हिजन बघते," ते म्हणाले. "ती एकोणनव्वद वर्षांची आहे. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना तिने तो फोटो दाखवला. आज शाल कुठे चालली, असं तिने विचारलं. मी म्हटलं, क्लीनिंगला." ते थांबले. "सव्वीस वर्षं झाली, डॉक्टर, या खात्यात. तक्रारीची पत्रं भरपूर आली. उभं करून टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या." आणि त्यांनी शाल दोन्ही हातांनी पुढे केली.

खरं सांगायचं तर शशिधरचा हात पुढे गेला. त्याला पेटीफरांचं वाईट वाटत होतं, मनापासून वाटत होतं. पण त्या शालीच्या बदल्यात त्याला त्याचे रविवार मिळणार होते.

"हात मागे घे," रुबेनभाऊ मराठीत म्हणाले.

"अहो, पण दुकान..."

"दिलेली शाल परत घेतोस? तुझ्या आईने बघितलं असतं तर?"

"रुबेनभाऊ, ही शाल परत आली तर टॅनर्स रो राहील! तुमचं दुकान राहील!"

"माझं आहे म्हणूनच सांगतोय. तुझं असतं तर तुझ्या मनाप्रमाणे केलं असतंस." रुबेनभाऊंनी टाचण्यांची डबी बाजूला ठेवली. "बारा वर्षं येतोयस. दुकानात येतोस, का माझ्याकडे येतोस?"

 पेटीफरसाहेब या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना वाटलं, सोलकढीचंच चाललंय.

मग रुबेनभाऊ उठले, पुढे झाले आणि त्यांनी शाल पेटीफरांच्या हातातून घेतली. शशिधरचा जीव भांड्यात पडला. रुबेनभाऊंनी ती उजेडात धरली, काठावरून बोट फिरवलं, खुर्चीत बसले, आणि सुईत दोरा ओवून एका कोपऱ्यातला सुटलेला गोंडा बांधू लागले. त्याला दहा मिनिटं लागली. काम झाल्यावर त्यांनी शालीची घडी घातली आणि ती परत पेटीफरांच्या हातात दिली.

"टेल युवर मदर, द क्लीनिंग इज डन," ते म्हणाले.

पेटीफरसाहेबांना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी "यू डू अंडरस्टँड व्हॉट दॅट मीन्स?" असं हळू आवाजात विचारलं. रुबेनभाऊंनी होकारार्थी मान हलवली. मग शशिधरकडे पाहिलं. शशिधरने नारळही पेटीफरांच्या पिशवीत ठेवला. तेवढं त्याच्याच्याने झालं. 

पेटीफरांनी सोमवारी प्रकरण सोडलं. नवीन आलेले अधिकारी तरुण आणि कामसू होते. त्यांनी रविवारी भेट दिली नाही. जानेवारीत कौन्सिलरांनी नऊ मिनिटांत टॅनर्स रो पाडायचा निर्णय घेतला. कदाचित पेटीफरांच्या रिपोर्टानेही काही वाचलं नसतं, असं मिस्टर गिल्बर्ट म्हणाले. ते शशिधरचं समाधान करायला म्हणाले असावेत. त्याचं काही समाधान झालं नाही. रुबेनभाऊंना नव्या सेंटरमध्ये जिन्यालगतचा एक गाळा मिळणार होता. त्या सेंटरला रविवारी कुलूप.

मार्चमध्ये टॅनर्स रो पाडली. त्या रविवारी शशिधर अकरा वाजता कोट घालून तयार झाला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन सोफ्यावर बसला.

"त्यांना घरी का बोलवत नाही?" सुलक्षणाने विचारलं.

"त्यांना कुठे वेळ असतो."

"बारा वर्षांत एकदा तरी विचारलंत?"

त्याने विचारलं नव्हतं. सुलक्षणा वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाली, "एकदा रविवारी मी तिथे समोर बसची वाट बघत उभी होते. दुकानाचं दार बंद होतं, तरी तुमचं हसणं रस्त्यापलीकडे येत होतं. मला आधी ओळखूच आलं नाही. म्हटलं, कोण बाई हा माणूस, एवढा मजेत आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शशिधरला उत्तर सुचलं असतं. त्याला एकदम फार लाज वाटली, आणि तिच्याबद्दल फार माया वाटली, आणि तो उठून फोनपाशी गेला.

पुढच्या रविवारी अकराला बेल वाजली. दारात रुबेनभाऊ, गळ्यात मेजर टेप तसाच. घरात शिरता शिरता त्यांनी शशिधरच्या पँटकडे पाहून "कमरेत वाढलायस" म्हटलं, आणि खुर्चीत टेकतात न टेकतात तोच विषय काढला.

"वहिनी, तुम्हीच सांगा. सोलकढीत लसूण. हो का नाही?"

"नाही," सुलक्षणा म्हणाली.

"म्हणजे? आमच्या अलिबागेत..."

"अलिबागेत काय वाट्टेल ते करोत. माझं माहेर मालवणचं आहे, भाऊ. लसूण घातला की ती सोलकढी राहतच नाही. बसा, सांगते तुम्हाला." आणि ती पदर खोचून समोरच्या खुर्चीत बसली.

शशिधर ऐकत राहिला. तिला एवढं बोलता येतं, हात असे उडवता येतात, समोरच्याचा मुद्दा पुरता होऊ देऊन मग तो असा अलगद आडवा करता येतो, हे त्याने गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. रुबेनभाऊ मांडीवर थाप मारून हसत होते. तीही हसत होती, अगदी रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं. मध्येच दोनदा शशिधरने आपला मुद्दा मांडायचा प्रयत्न केला; दोघांनीही त्याला हाताने थांबवलं. चहाची वेळ झाली. उठायचं चिन्ह कुणाचंच दिसेना, तेव्हा तोच स्वयंपाकघरात गेला आणि त्याने आधण ठेवलं.

"अगं, साखर कुठे असते?" त्याने आतून विचारलं.

बाहेर वाद रंगात आला होता.  शशिधर एकेक डबा उघडून बघत राहिला.